मागचे अंक मिळतील का?

सकाळच्या वेळी गावातल्या कोणत्याही सार्वजनिक वाचनालयात डोकावून पाहा. टेबलाभोवती गर्दी दिसते ती आजच्या पेपरची. निवृत्त मास्तर, दुकान उघडायला अजून अवकाश असलेले व्यापारी, स्पर्धा परीक्षेची पोरंपोरी. पेपरचं एकेक पान सुटं होऊन चौघांच्या हातात फिरत असतं. त्या गर्दीत अधूनमधून एखादा माणूस असा येतो, की जो टेबलाकडे वळतच नाही. सरळ ग्रंथपालांच्या खुर्चीजवळ जातो आणि थोडं चाचरत विचारतो, "मागचे अंक मिळतील का?"

या माणसाविषयी मला आज आपल्याशी बोलायचं आहे. गेली पंचवीसेक वर्षं मी अमरावती आणि अकोल्याच्या वाचनालयांत बसतो. कविता लिहिणाऱ्या माणसाचा घरात उपयोग नसतो, असं आमच्या घरचे म्हणतात, तेव्हा वाचनालय बरं. तिथं बसून बसून मला कळलं, की मागच्या अंकांच्या कपाटाशी येणारा प्रत्येक माणूस काही ना काही हरवलेलं शोधायला आलेला असतो.

काहींचं काम साधं असतं. वकिलाकडचा कारकून येतो. शेत किंवा प्लॉट विकत घेण्याआधी पेपरात 'जाहीर सूचना' देतात, कोणाची हरकत असेल तर इतक्या दिवसांत कळवा म्हणून. त्याला त्या अंकाची तारीख आणि पान हवं असतं. शाळेचा सुवर्णमहोत्सव आला की स्मरणिकेसाठी दोन मास्तर येतात. शाळेच्या उद्घाटनाला कोण पाहुणे होते हे शाळेच्या दप्तरातच नसतं. पीएच.डी.चे विद्यार्थी येतात. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ला स्थापन झालं, आज ते संत गाडगेबाबांच्या नावानं ओळखलं जातं. तिथं इतिहास, मराठी, अर्थशास्त्र या विषयांत संशोधन करणाऱ्यांना कधी ना कधी या कपाटापाशी यावंच लागतं. आणि एखादे आजोबा येतात ते नुसता आपला मॅट्रिकचा नंबर पाहायला. तेव्हा निकाल पेपरात नंबरांनी छापून यायचा. सगळं पान मुंगीएवढ्या आकड्यांनी भरलेलं, त्यातला आपला आकडा सापडला की आजोबा त्यावर बोट ठेवतात आणि बराच वेळ उचलत नाहीत.

वऱ्हाडात वर्तमानपत्राची परंपरा काही कालची नाही. एकोणिसाव्या शतकात अकोल्याहून 'वऱ्हाड समाचार' निघत होतं, अमरावतीहून 'प्रमोदसिंधु'. पुढे बामणगावकरांचा 'उदय' आला, पंजाबराव देशमुखांनी 'महाराष्ट्र केसरी' काढला, अकोल्याला ब्रिजलाल बियाणींचं 'मातृभूमि' सुरू झालं. नंतरच्या काळात बाळासाहेब मराठ्यांचं 'हिंदुस्थान', मग अकोल्याची 'देशोन्नती', आणि मोठ्या वृत्तपत्रांच्या इथल्या आवृत्त्या. ही नावं मी यासाठी घेतली, की शोधायला येणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडतो : त्या काळात इथं कोणतं पत्र निघत होतं? त्याचं उत्तर जिल्हा गॅझेटियरमध्ये मिळतं. अकोल्याचं १९१० साली आणि अमरावतीचं १९११ साली इंग्रजीत निघालं, पुढे महाराष्ट्र सरकारनंही काढलं. वाचनालयात जाल तेव्हा आधी ते पाहावं, मग गठ्ठा मागावा.

दुसरा प्रश्न तारखेचा. गठ्ठ्यांना अनुक्रमणिका नसते. महिन्यावर एक बाड, पाठीवर शाईनं महिना आणि साल. तारीख माहीत नसेल तर माणूस समुद्रात उभा राहतो. आणि आपल्याकडच्या जुन्या माणसांना तारीख माहीत नसतेच, त्यांना सण माहीत असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जिजीच्या लग्नाच्या वर्षी, पाणी आलं त्या साली.

एक खाला आल्या होत्या, बाळापूरकडच्या. सत्तरीच्या आसपासच्या. बरोबर नातू. ग्रंथपाल ताईंनी त्यांना माझ्याकडे पाठवलं, कारण प्रकरण चंद्राचं होतं. खाला म्हणाल्या, "भाई, माह्या जन्माची तारीख काढून द्या. माही माय सांगे, त्या साली ताजे न् गनपती एकाच हप्त्यात उठले होते."

आता ही तारीख काढता येते, आणि कशी काढता येते ते सांगण्यासारखं आहे. हिजरी वर्ष निव्वळ चंद्राचं. ते साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून मोहरम दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. आपलं पंचांगही महिने चंद्राचेच धरतं, पण दर दोन-तीन वर्षांनी अधिक मास घालून ऋतूंशी मेळ बसवतं, त्यामुळे गणपती ऑगस्ट-सप्टेंबर सोडून जात नाहीत. ज्या वर्षी भाद्रपदाचा आणि मोहरमचा चंद्र एकच असतो, त्या वर्षी गणेश चतुर्थी ते अनंत चतुर्दशी या दहा-अकरा दिवसांतच मोहरमची दहावी तारीख येते. दुसरीकडे जायला तिला जागाच नसते. असा योग साधारण ३२-३३ वर्षांनी येतो आणि आला की दोन-तीन वर्षं लागोपाठ राहतो. २०१८, २०१९, २०२० ही तीन वर्षं तो होता. त्याआधी १९८५ ते १९८७. त्याआधी १९५३ आणि १९५४. खालांचं वय पाहता शेवटची दोनच वर्षं उरली. १९५३ साली हे दोन्ही सण सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होते, १९५४ साली पहिल्या-दुसऱ्या.

इथपर्यंत कागद-पेन्सिलीचं काम. पण पुढचं काम पेपरनंच होतं. चंद्र कोणत्या गावी कोणत्या दिवशी दिसला यावर मोहरमची दहावी ठरते. छापील कोष्टकात आणि प्रत्यक्षात एका दिवसाचा फरक पडू शकतो. आपल्या भागात ताजिये कोणत्या वारी उठले, हे कोष्टक सांगत नाही, इथली बातमी सांगते. खालांच्या आईनं वारही सांगून ठेवला होता. दोन्ही सप्टेंबरचे गठ्ठे काढले. मिरवणुकीची बातमी दोन्हीकडे होती, चार-चार ओळींची, बंदोबस्त चोख होता आणि सर्व शांततेत पार पडलं असं सांगणारी. वार एकाच सालाशी जुळला.

मी त्यांना आधीच सांगितलं होतं, की सरकारी कामाला याचा उपयोग व्हायचा नाही. खाला म्हणाल्या, "सरकारसाठी कोन मांगते? हा नातू म्हंते, दादी तुही तारीख सांग, केक आनतो."

त्या हसल्या, आम्हीही हसलो. पण सगळेच असे केकसाठी येत नाहीत, हेही सांगायला हवं. २०१९-२०च्या सुमारास आमच्या वस्त्यांमध्ये जन्माच्या नोंदी शोधायची घाई उडाली होती. २०२५ साली उशिराच्या जन्मदाखल्यांवरून अकोला-अमरावतीत बराच वाद झाला. तेव्हाही काही लोक वाचनालयात आले. जातीच्या दाखल्यासाठी येणारे तर बाराही महिने असतात. अनुसूचित जातींना १९५०च्या आधीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना १९६१च्या, इतर मागासवर्गीयांना १९६७च्या. माणूस जुन्या कागदाच्या शोधात वणवण फिरतो आणि कोणीतरी त्याला सांगतं, वाचनालयात जुने पेपर आहेत, तिथं पाहा.

अशा माणसाला खरं ते सांगावं लागतं. वर्तमानपत्रातली बातमी म्हणजे न्यायालयाच्या दृष्टीनं ऐकीव माहिती. बातमी छापून आली एवढ्यावरून घटना सिद्ध होत नाही. नगरपालिकेची जन्म-मृत्यू नोंद, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, महसूल खात्याचे कागद, यांची जागा पेपर घेऊ शकत नाही. पण पेपर एक गोष्ट करतो. कोणत्या वर्षाच्या, कोणत्या गावच्या रजिस्टरमध्ये शोधायचं, याचा माग देतो. आजोबा १९४८ साली कोणत्या शाळेच्या खेळात पहिले आले होते हे एका बातमीत सापडलं, तर नातवानं कोणत्या शाळेत अर्ज करायचा ते कळतं. दहा शाळांचे उंबरठे झिजवण्याऐवजी एका शाळेत जायचं, हे काही थोडं नाही.

आता गठ्ठ्यांकडे वळू. कोणत्या महिन्याचा गठ्ठा लोक सर्वांत जास्त मागतात, हे कोणी मोजत नाही. पण कडा सांगतात. मी जिथं बसतो तिथं १९५६ सालच्या शेवटच्या तीन महिन्यांच्या गठ्ठ्यांचे कोपरे बोटांनी अगदी काळे पडले आहेत, आणि ते साहजिक आहे. १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १ नोव्हेंबरला वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून मुंबईच्या द्वैभाषिक राज्यात आला. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. आणि त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीला येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडगेबाबांनी देह ठेवला. सगळं एका तिमाहीत. ग्रंथातून आपण या घटना वेगवेगळ्या प्रकरणांत वाचतो. गठ्ठा उलटताना त्या एकामागून एक अंगावर येतात, आणि मधल्या पानांवर सिनेमाच्या जाहिराती, सरकीचे भाव आणि हरवलेल्या बैलाची खबर चालूच असते. जुन्या पेपरचं खरं महत्त्व मला तिथं कळतं. इतिहासाच्या पुस्तकात बैल हरवत नाही.

बाबासाहेबांवरून आणखी एक गोष्ट. अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न १९२७ साली गाजला. त्या नोव्हेंबरात इथं बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचं 'बहिष्कृत भारत' सुरू झालेलं होतं. त्याचे आणि 'मूकनायक'चे अंक महाराष्ट्र सरकारनं पुढे ग्रंथरूपानं छापले, म्हणून आज ते कोणत्याही तालुक्याच्या वाचनालयात मिळू शकतात. पण छापता आले कशामुळे? कोणीतरी, कुठंतरी, ते अंक रद्दीत न घालता जपून ठेवले होते म्हणून.

कोणी शेतीचा अभ्यास करणारा आला की तो आधी बाजारभावाचं पान काढतो. कापूस, ज्वारी, तूर, सरकी. वऱ्हाडाची कुंडलीच त्या पानावर असते. पण ते वाचताना जपावं लागतं. जुना भाव खंडीचा किंवा मणाचा, नवा क्विंटलचा. दशमान मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली. नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले. त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पया. पुन्हा १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, त्यानंतरचा भाव हा बाजारानं ठरवलेला नव्हता, सरकारनं बांधलेला होता. हे ध्यानात न घेता एखादा विद्यार्थी पन्नास वर्षांचे भाव एकाखाली एक लिहून काढतो आणि सुंदर आलेख काढतो. आलेख सुंदरच असतो, फक्त त्याचा अर्थ काही नसतो.

आणि शेतकरी आत्महत्यांवर काम करणारे. २००५-०६च्या सुमारास दिल्ली-मुंबईहून पुष्कळ येत. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करप्यांनी १९ मार्च १९८६ला पवनारला सहकुटुंब जीवन संपवलं, तिथून ते सुरुवात करत. मग पुढच्या वर्षांचे गठ्ठे मागत आणि आतल्या पानांवरच्या एका कॉलमच्या बातम्या वहीत उतरवून घेत. "विष प्राशन करून", "विहिरीत उडी घेऊन". गाव, वय, कधी कधी कर्जाचा आकडा. या बातम्या छापल्या गेल्या तेव्हा त्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत हे बातमीदारालाही दिसत नव्हतं. गठ्ठ्यात त्या एकत्र आल्या. एका मुलीला मी पाहिलं, दुपारी तीनच्या सुमारास तिनं वही बंद केली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. नंतर परत आली आणि राहिलेलं पूर्ण केलं.

पेपरात जे नाही, तेही वाचता आलं पाहिजे. ऑगस्ट १९४२मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला आणि बेनोड्याला गोळीबार झाले. आजही त्या गावांच्या नावापुढे 'शहीद' लावतात. पण त्या दिवसांच्या अंकांत ही गावं शोधू गेलं तर फार थोडं हाती लागतं. पत्रांवर बंधनं होती. जून १९७५च्या आणीबाणीतही तेच. पान भरलेलं असतं, पण ज्यासाठी आपण आलो ते तिथं नसतं. अशा वेळी त्या पानावर त्याऐवजी काय छापलं आहे हे पाहावं, त्यातूनही पुष्कळ कळतं. शिवाय दोन पत्रं समोरासमोर ठेवून वाचावीत. आपल्याकडची जुनी पत्रं कोणत्या ना कोणत्या पक्षाची, पुढाऱ्याची असत आणि ते लपवतही नसत. एका पत्रात 'विराट सभा' असते, ती दुसऱ्यात 'तुरळक उपस्थिती' होते. १३ एप्रिल १९३०ला अकोला जिल्ह्यात दहीहंड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. समुद्र नाही तर नाही, खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं खारं पाणी आटवून लोकांनी मीठ केलं. त्या सत्याग्रहींमध्ये आपले आजोबा होते का, हे पाहायला आजही कोणी येतं. मी सांगतो, एकाच पत्राच्या यादीवर थांबू नका. एका बातमीदाराला आजोबा दिसले नसतील, दुसऱ्याला दिसले असतील.

मी माझ्यासाठी काय शोधतो, असं मला तरुण मित्र विचारतात. मी पान चार शोधतो. आमच्या समाजाची नावं पहिल्या पानावर कधी येतात हे आपण सगळे जाणतो. गावात काही बिघडलं की येतात. बिघडलेले दिवस मोजके असतात आणि संशोधक बहुधा त्याच दिवसांचे गठ्ठे मागतात. मग पुस्तकातही तेच दिवस जातात. पान चारवर मात्र बाकीचे तीनशे-साडेतीनशे दिवस असतात. अमुक दर्ग्याच्या संदलला दोन्ही समाजांची गर्दी. कुस्त्यांच्या दंगलीत अमुक पहिलवानानं मारलेली बाजी. जिनिंगमधल्या मजुरांच्या सभेत बोललेला कोणी शेख, नाटक मंडळीत पेटी वाजवणारा कोणी उस्ताद, मुशायऱ्याची वार्ता, शाळेला पंखा भेट देणारा अत्तरवाला. यातली दोन-चार नावं मी दर महिन्याला वहीत उतरवतो. त्यांतली काही माझ्या कवितेत गेली. बाकीची वहीत आहेत.

नावं शोधताना एक अडचण येते ती लेखनाची. मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली आले. त्याआधी 'कांहीं', 'नाहीं', 'आलें', 'गेलें' असे अनुस्वार. गावांची रूपंही निराळी : अमरावतीचं 'उमरावती', अकोल्याचं 'आकोला', अचलपूरचं 'एलिचपूर'. आणि आमच्या नावांचं तर विचारूच नका. एकच मोहम्मद कधी 'महंमद', कधी 'महमद', कधी 'मेहमूद' होऊन बसतो. कागदावर डोळ्यांनी शोधणाऱ्याला हे सवयीनं कळतं. संगणकावर शोधणाऱ्याला कळत नाही. 'काही' असं टाइप केलं तर 'कांहीं' सापडत नाही, आणि जुन्या खिळ्यांची झिजलेली जोडाक्षरं तर यंत्राला भलतीच वाटतात. म्हणून डिजिटल प्रतीत नाव सापडलं नाही तर नाव नाहीच असं धरू नये. चार तऱ्हांनी लिहून पाहावं.

आता कोणी म्हणेल, एवढं सगळं मुंबई-कोलकात्याला ठेवलेलंच असेल ना? कायदा आहे. १९५४चा ग्रंथ प्रदान कायदा १९५६ साली वर्तमानपत्रांना लागू झाला. त्याप्रमाणे कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा आणि दिल्लीचं सार्वजनिक ग्रंथालय यांच्याकडे अंक जावेत असं ठरलं. पण कायद्यात असणं निराळं आणि दर्यापूरहून निघणाऱ्या चार पानी साप्ताहिकाचा अंक खरोखर पोस्टात पडणं निराळं. दुसरं असं, की मोठ्या पत्रांनी जिल्हावार आवृत्त्या काढल्यापासून एकाच तारखेचा, एकाच नावाचा पेपर अकोल्यात वेगळा आणि अमरावतीत वेगळा. मुख्य कचेरीत जपतात ती बहुधा मुख्य आवृत्ती. अंजनगावच्या यात्रेची बातमी अमरावतीच्या पानात असते. ते पान अमरावतीत जपलं नाही तर ते कुठंच नाही. ई-पेपर आहेत, पण ते बहुतेकांचे गेल्या पंधरा-वीस वर्षांतले, आणि ते किती दिवस उघडे ठेवायचे ते मालक ठरवतो.

आणि कागद तर मरतोच आहे. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. लाकडात लिग्निन नावाचा पदार्थ असतो. उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो, कागदात आम्ल तयार होतं आणि आम्ल कागदाचे तंतू तोडतं. चिंध्यांपासून केलेला जुना कागद यापेक्षा जास्त टिकतो. म्हणून दोनशे वर्षांपूर्वीची पोथी उलटता येते आणि साठ वर्षांपूर्वीचा पेपर हातात पापडासारखा मोडतो. त्यात आपला उन्हाळा. अकोल्याचा मे महिना माणसाला सोसत नाही, तिथं कागदाची काय कथा! उन्हाळ्यात वाळून कडक होतो, पावसाळ्यात दमट होऊन कसर आणि वाळवी लागते.

माणसाच्या हातूनही कमी होत नाही. एका गावच्या वाचनालयात मी १९८०च्या दशकातले अंक पाहायला मुद्दाम बस करून गेलो, तर महिन्याभरापूर्वीच ते रद्दीत गेले होते. किलोवर. तिथल्या ग्रंथपालांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे एकच खोली, आणि स्पर्धा परीक्षेची पोरं जागा मागत होती. आपल्याकडची वाचनालयं १९६७च्या कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांत मोडतात, वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं, ते पगारात आणि पुस्तकांत संपतं. जुन्या पेपरला कपाट कुठून आणायचं? पण तो रद्दीवाला कोण होता हे मी विचारलं, आणि त्याच्याकडेही गेलो. माल जळगावकडे गेला होता.

म्हणून जे आहे ते नीट वापरावं. बोटाला थुंकी लावून पान उलटू नये, वरच्या कोपऱ्याला धरून उलटावं. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. दोन-चार वर्षांत ती सुकते, डाग सोडते आणि अक्षरं घेऊन निघते. प्लॅस्टिकचं लॅमिनेशन तर मुळीच नको. झेरॉक्ससाठी बाड उताणं दाबू नये, शिवण उसवते. हल्ली मोबाइलनं फोटो काढता येतो, तो खिडकीच्या उजेडात काढावा. फोटोत पत्राचं नाव आणि तारीख येईल असा एक, आणि बातमीचा एक. नुसती बातमी काढून नेणारे सहा महिन्यांनी परत येतात, ही कोणत्या अंकातली होती हो, म्हणून. बांधणीत गेलेला आतला कॉलम दिसत नसेल तर ओढू नये, ग्रंथपालांना सांगावं.

सध्या आम्ही चौघं-पाच जण रविवारी सकाळी दहा ते एक बसून एका पत्राच्या निधनवार्ता आणि पान चारच्या बातम्यांची सूची करत आहोत. नाव, गाव, तारीख, पान, एवढंच. नावाची जितकी रूपं सापडतील तितकी कंसात. गेल्या रविवारी १९७१चा मे संपला. एक निवृत्त तलाठी आहेत, त्यांना गावांची जुनी नावं तोंडपाठ. दोन विद्यार्थिनी आहेत, त्या संगणकावर चढवतात. हात कमी पडतात. ज्यांचं अक्षर बरं आहे आणि ज्यांना धुळीनं शिंका येत नाहीत, त्यांनी जरूर यावं. वही वाचनालय देतं. पेन्सिल आपली आणावी. त्या कपाटाजवळ शाईचा पेन नेऊ देत नाहीत.